बाबांचं निधन आणि गच्चीवरची टाकी

माझे वडील तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी वारले, तेव्हा ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. बातमी मीच त्यांना दिली. दुसरं कोण देणार? मारलं मीच होतं.

"बरं," बाबा म्हणाले. हातातला बटाटा त्यांनी पुरता सोलला, सालं एका बाजूला केली आणि मग विचारलं, "कशानं गेलो?"

"तसं काही लिहिलेलं नाही. हळूहळू गेलात."

"हळूहळू म्हणजे?"

"एका लांब वाक्यात."

बाबांनी मान हलवली. लांब वाक्यात जाण्यात फारसा त्रास होत नसावा, असा काहीसा समाधानी भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला. आईने मात्र पातेलं आपटलं. "जिवंत माणसाबद्दल काहीबाही बोलू नका दोघंही. आणि बटाटे कापा."

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो.

मी एका कंपनीत मिक्सर, इस्त्री, पंखे अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'स्वच्छ करण्यापूर्वी प्लग काढा' हे माझं सर्वात गाजलेलं वाक्य. ते लाखो घरांत पोचलं आहे आणि एकानेही वाचलेलं नाही. अशा माणसाला कादंबरी लिहावीशी वाटली तर त्यात नवल नाही. आत्मचरित्रात्मकच लिहायची हेही ठरलं, कारण त्यात शोध घ्यायला बाहेर जावं लागत नाही. पण बसल्यावर लक्षात आलं की आत्मचरित्राला आयुष्य लागतं. माझ्याकडे ते थोडंच होतं, आणि जे होतं त्यातही घरातल्या सगळ्यांचा वाटा होता. माझं एकट्याचं असं एक दुखरा दात सोडला तर काही निघेना.

तरी मी लिहून काढली आणि प्रकाशकांकडे गेलो. प्रकाशकांची खोली एका चपलांच्या दुकानाच्या वर आहे. तिथे बसलं की साहित्याला कायम नव्या चामड्याचा वास येतो. त्यांनी बाड वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"भाषा ठीक आहे. मधूनमधून सूचना दिल्यासारखं वाटतं, पण ठीक आहे. मात्र घाव कुठाय?"

"कसला घाव?"

"अहो, लेखकाच्या आयुष्यात एक घाव असतो. त्यातून कादंबरी वाहते. तुमच्या घरात सगळे धडधाकट! वडील तर फारच. काय करतात ते?"

मी विचार केला. बाबा निवृत्त आहेत. बटाटे सोलतात, शब्दकोडी सोडवतात, आणि संध्याकाळी बोलता बोलता मधेच उठून निघून जातात.

प्रकाशक खुर्चीत ताठ झाले. "मधेच उठून जातात? म्हणजे तुम्ही बोलत असताना?"

"हो. लहानपणापासून."

"वाक्य अर्धं असताना?"

"बऱ्याचदा शब्दसुद्धा."

"आणि तुम्ही तिथेच बसून राहायचात?" प्रकाशकांचा आवाज ओला झाला. "अरेरे. हाच तो घाव! इतकी वर्षं लपवून ठेवलात?"

मी काही लपवलं नव्हतं. आमच्या इमारतीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी खालच्या टाकीत पाणी आलं की तळमजल्यावरचे फोटोफ्रेमवाले काका जिन्याखालचं बटण दाबून पंप लावतात. पाणी गच्चीवरच्या टाकीत चढू लागतं. त्याचा पाइप आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून वर जातो; खाली काकांना त्यातलं काही ऐकू येत नाही. टाकी भरत आली की पाइपचा आवाज बदलतो. आधी तो गुळण्या केल्यासारखा असतो, मग एकदम जाड होतो, एखाद्या जाड्या माणसाने झोपेत हुंकार द्यावा तसा. हा हुंकार आला की बाबा उठतात, दोन मजले खाली जातात आणि पंप बंद करतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. आवाज त्यांना ऐकू येतो, म्हणून ते उठतात. समोर मी असो, डॉक्टर असोत, नाहीतर आईची मोठी बहीण असो. मावशी तर म्हणते की तिचं बोलणं सुरू झालं की हे मुद्दाम पाणी भरून आणतात.

पण साहित्यात पंप बसत नाही. मी बसवून पाहिला. 'वडील उठले आणि काळोख्या जिन्यात नाहीसे झाले' या वाक्यापुढे 'पंप बंद करायला' असं लिहिलं की डोळ्यांतलं पाणी थेट टाकीत जातं. म्हणून मी पंप काढून टाकला. नुसता बाप उठतो, जिन्यात नाहीसा होतो, आणि लहान मुलगा अर्धं वाक्य हातात धरून बसून राहतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी बाप असाच एकदा जातो आणि परत येत नाही. लिहिताना मला स्वतःला रडू आलं. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "काय रे, सर्दी झाली का?"

प्रकाशकांना नवं बाड बेहद्द आवडलं. फक्त एक अडचण होती. मागे कुणा लेखकाचा मेहुणा स्वतःला कादंबरीत ओळखून छत्री घेऊन त्यांच्याकडे आला होता. पाऊस नव्हता. तेव्हापासून ज्याला ज्याला ओळखता येईल त्याचं 'हरकत नाही' असं पत्र घेतल्याशिवाय ते पुस्तक छापत नाहीत.

"वडिलांचंही?"

"मृत व्यक्तीचं लागत नाही. मृत्यूचा दाखला जोडा."

"पण ते घरी आहेत. बटाटे सोलतायत."

"मग त्यांचंच पत्र आधी लागेल," प्रकाशक म्हणाले. "त्यांच्या सहीशिवाय मी छपाईचा एक खिळासुद्धा जुळवणार नाही."

झालं. मी पत्रं घेऊन घरोघर हिंडू लागलो. आईने स्वतःचे संवाद तेवढे वाचले आणि सही करण्याआधी अट घातली. "यात स्वयंपाकघर आहे तसंच लिहिलंयस. कादंबरीच आहे ना? मग ओटा जरा मोठा कर. खिडकीपण पूर्वेला घे." मी ओटा वाढवला. ती त्या पानावर इतका वेळ रमली की डाळ लागली.

शेजारच्या काकूंनी बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि थंड आवाजात विचारलं, "मी कुठे आहे?"

"तुम्ही नाही आहात, काकू. म्हणजे तुमची सही लागणारच नाही."

"लहानपणी कुणाच्या घरी पडलेला असायचास दिवसभर? गोवर आला तेव्हा कोण बसलं होतं उशाशी? आणि त्या पानवाल्या बाईला अख्खं पान?" काकूंनी माझ्या हातातला कागद घेतला, 'नाही' खोडून 'आहे' केलं आणि खाली सही ठोकली. अशा रीतीने माझ्याकडे पहिलं 'हरकत आहे' पत्र जमा झालं, तेही कादंबरीत नसलेल्या व्यक्तीचं. साहित्याच्या इतिहासात असं कधी झालं असेल असं मला वाटत नाही.

आणि मग बाबा. त्यांनी तिसरं प्रकरण खिडकीशी बसून वाचलं. शब्दकोडं सोडवताना धरतात तशी पेन्सिल धरून. बराच वेळ गेला. पेन्सिल कागदाला कुठेच लागली नाही.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पंपाचं कुठे नाही आलं यात."

"पंप नाही घेतला."

"का?"

"बसत नव्हता."

"असं." बाबांनी पानं नीट जुळवून माझ्याकडे दिली. "म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, हा माणूस नुसताच उठून जायचा."

मला त्या वेळी सुचलं ते एवढंच की पत्र पुढे करावं. ते मी केलं. इतका निर्लज्जपणा फक्त पहिल्या कादंबरीलाच जमतो.

"सही?" बाबा अगदी शांतपणे म्हणाले. "मी तिसऱ्यातच गेलोय बाबा. मेलेला माणूस सही करत नाही."

त्या संध्याकाळी फ्रेमवाल्या काकांनी पंप लावला. पाइपने गुळण्या केल्या. मग हुंकार आला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कोड्यात उभा शब्द भरला.

"अहो, टाकी भरली."

"हो का?"

"अहो, पंप!"

"तो आता चौथ्या प्रकरणातल्या लोकांनी बघायचा," बाबा म्हणाले.

मी तुम्हाला खरं सांगतो, पुढे जे झालं ते इतकं सुंदर असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. पाणी कठड्यावरून खाली आलं आणि आमच्या खिडकीसमोर काचेसारखा पडदा उभा राहिला. मावळतीचं ऊन त्यात शिरलं. समोरच्या इमारतीचे सज्जे, वाळत घातलेल्या चादरी, एका गृहस्थाच्या हातातलं वर्तमानपत्र, सगळं लांबुळकं होऊन हळूहळू हलू लागलं, जणू रस्त्यापलीकडची माणसं तळ्याच्या तळाशी राहत होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. घरभर सोनेरी कवडसे फिरले. एक आईच्या खांद्यावर बसला. ती हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. "वा," ते म्हणाले. "हे आपल्याकडे होतं हे माहीतच नव्हतं."

खालून फ्रेमवाले काका ओरडले, कारण पॉलिश करून वाळायला ठेवलेल्या त्यांच्या फ्रेमा वाहून चालल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत लोकांनी खिडकीशी खुर्च्या ओढल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको, जे एरवी फक्त वीजबिलावर बोलतात, ते पडद्याआड एकमेकांचा हात धरून बसलेले दिसले. वरची एक टाकी मात्र पुरायची नाही आणि खालचं पाणी वाहून गेलेलं असायचं, त्यामुळे रात्रीपर्यंत नळ कोरडे व्हायचे आणि हेच लोक साबण लावलेल्या चेहऱ्याने आमच्या दाराशी यायचे.

इमारतीचे सेक्रेटरी तातडीने कामाला लागले. म्हणजे त्यांनी नोटीस लावली. मग गजर लावून पंप बंद करायचा प्रयोग झाला, पण पाणी कधी जोरात चढायचं, कधी रेंगाळत, त्यामुळे गजर एकतर टाकी अर्धी असताना व्हायचा नाहीतर सेक्रेटरी भिजल्यावर. आपोआप बंद होणारं यंत्र आणलं. ते खरोखरच आपोआप बंद व्हायचं, फक्त त्याला पाणी लागत नसे. कबुतर बसलं तरी पुरायचं. त्या यंत्राची माहितीपुस्तिका मीच लिहिली होती हे मी कुणाला सांगितलं नाही.

फ्रेमवाले काका एकदा वर आले ते काखेत फ्रेम घेऊनच. भिजून जरा फुगलेली होती. त्यांनी ती बाबांच्या चेहऱ्यासमोर धरली, एक डोळा मिटला.

"हे काय?" आई कडाडली.

"वहिनी, मला काय माहीत नाही होय? पोरगा सांगत फिरतोय, गेले म्हणून. म्हटलं, माप घेऊन ठेवावं. घरातलाच माणूस, घाईत लहानमोठं व्हायला नको."

"जरा रुंद घ्या," बाबा म्हणाले. "कान दिसू देत."

शेवटी सर्वसाधारण सभा बोलावली गेली. जिन्यात, कारण दुसरीकडे ओल होती. विषय एकच: कादंबरीत मृत झालेल्या सभासदास हयात करणे. सेक्रेटरींनी प्रास्ताविकात माझ्याकडे न पाहता 'काही तरुण मंडळी' असा उल्लेख केला. जमावात तरुण मी एकटाच होतो.

"माझं म्हणणं साधं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "एक ओळ घालायची. 'आणि वडील बरे झाले.' काय लागतं त्याला?"

"ते आजारी नव्हते," मी म्हणालो.

"मग तर आणखी सोपं!"

"साहेब, असं नाही करता येत. कलाकृती आहे ती."

"आणि माझ्या फ्रेमा?" खालून आवाज आला. "त्या काय भाकऱ्या आहेत?"

काकूंनी हात वर केला. आपल्याला दोन तरी पानं मिळणार असतील तरच आपण बाजूने मत देऊ, एरवी तटस्थ. गोवराचा प्रसंग असावा, आणि त्यात आपण निळी साडी नेसलेली असावी. ठराव काकूंच्या दुरुस्तीसह बहुमताने मंजूर झाला. बाबांना मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी कसं देणार? यादीतून नाव काढा."

सगळे हसले. बाबाही हसले. पण ते हसू मला ओळखीचं नव्हतं. माझ्या बाबांचं हसू अर्ध्यावर संपतं, कारण त्यांना कुठेतरी जायचं असतं. हे पुरतं हसले आणि तिथेच पायरीवर बसून राहिले, कुठेच जायचं नसलेल्या माणसासारखे.

मी ठरावाची प्रत घेऊन प्रकाशकांकडे गेलो. ते हबकले.

"वडील जिवंत? मग उरतं काय? एक मुलगा आणि एक पंप!"

"दोघं खरे आहेत."

"खरं असून काय उपयोग?" प्रकाशक कळवळून म्हणाले. "नीट विचार करा. सही आणा, नाहीतर दाखला आणा. घाव मात्र तसाच ठेवा."

नव्या चपलांच्या वासात मी जिना उतरलो. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई काकूंकडे गेली होती, निळ्या साडीसंबंधी. बाबा खिडकीशी. फ्रेमवाल्या काकांनी पंप नुकताच लावला होता. भिंतीत पाइप गुळण्या करत होता. मी स्टूल ओढून समोर बसलो.

"बाबा, थोडं बोलायचं होतं."

"बोल," बाबा म्हणाले. पाय लांब करून त्यांनी हात पोटावर ठेवले. "आता मला कुठे जायचंय?"

मी तोंड उघडलं. जो मिळत नाही म्हणून जन्मभर तक्रार केली, चारशे पानं लिहिली, तो क्षण समोर आला होता. वडील बसले होते आणि ऐकत होते. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं. मी पंख्याकडे पाहिलं. पंख्याची पुस्तिका आठवली.

बाबांनीच विचारलं, "त्या झाडाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या झाडाचं?"

"शाळेच्या नाटकात तू झाड झाला होतास ना? सांगत होतास. पडदा वर गेला, राजा आला, आणि राजा तुझ्याकडे बघून..." बाबांनी हात वर केला, तसाच ठेवला. "तिथे मी उठलो होतो."

पहिली दुसरीतली गोष्ट असेल ही. मी कादंबरीतसुद्धा घेतली नव्हती. मला आठवतच नव्हती.

"राजा संवाद विसरला," मी म्हणालो. ते बोलता बोलता मला आठवत गेलं. "सगळे गप्प. बाई विंगेतून हातवारे करत होत्या. राजा माझ्याकडे बघत राहिला, मला माहीत असेल म्हणून. मला माहीत होतं."

"मग सांगितलंस?"

"झाड कसं बोलणार? मी उभा राहिलो."

बाबा हसायला लागले. इतके की चष्मा काढावा लागला. "उभा राहिला! अरे देवा. उभा राहिला." डोळे पुसत ते जरा पुढे वाकले. खिडकीतून आलेलं पिवळं ऊन त्यांच्या कानांतून आरपार दिसत होतं. मोठे कान आहेत बाबांचे. फ्रेम रुंदच लागेल. "तुला एक सांगू का? पंप बंद करून मी वर यायचो ना, तेव्हा तू दुसऱ्याच कशात तरी गुंतलेला असायचास. मग मला विचारायला कसंतरी व्हायचं. म्हणून मी रोज जिना चढताना ठरवायचो, की आज वर गेलो की सरळ..."

भिंतीत पाइपचा आवाज जाड झाला.

मी उठलो. मी ठरवून उठलो नाही. पाय उठले. दार उघडून मी जिन्यात होतो आणि दोन-दोन पायऱ्या उतरत होतो. खाली पोचून बटण दाबलं. पंप थांबला. वर गच्चीवर पाणी काठाशी येऊन थबकलं असणार, एखाद्याने ओठावर आलेला शब्द गिळावा तसं. रस्त्यावर आलो तर सगळ्या खिडक्यांत माणसं खुर्च्या टाकून बसली होती आणि रिकाम्या हवेकडे बघत होती. "आज नाही का?" वरच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं. तिचा आवाज खरोखर पडला होता.

जिना चढताना मला कळलं की मी काय केलं होतं.

बाबा खिडकीशीच होते. एक वाक्य हातात धरून बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो याचं वर्णन मी चौदा वेळा केलं आहे. एकदाही जमलेलं नव्हतं. तो असा असतो.

"सॉरी, बाबा. काय सांगत होतात?"

"वेळेत पोचलास?"

"काठोकाठ."

"खाली उतरताना दुसऱ्या पायरीवर जपून. सैल आहे." मग त्यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "आता मी लिहू का कादंबरी?"

टेबलावरचं पत्र त्यांनी ओढून घेतलं, पेन्सिल ठेवून पेन मागितलं आणि सही केली. वर एक ओळ लिहिली: 'हरकत नाही. मात्र पंप घ्यावा.' आणि बटाट्यांची टोपली जवळ ओढून ते पुन्हा हयात झाले.

पंप मी घेतला. निळ्या साडीतल्या काकू घेतल्या, पूर्वेची खिडकी घेतली. प्रकाशकांनी बाड वाचून परत पाठवलं, त्यासोबत आपल्याला घाव सापडला नाही, उलट मधूनमधून हसू आलं, अशी तक्रारही पाठवली. सध्या मी दुसरा प्रकाशक शोधतो आहे. इमारतीनेही ठराव करून दर रविवारी टाकी थोडी वाहू द्यायची असं ठरवलंय. फ्रेमवाले काका त्या दिवशी दुकान बंद ठेवून समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकतात. बाकीचे दिवस पंप आम्ही वाटून घेतलाय, एक दिवस बाबा, एक दिवस मी. त्यामुळे घरात कुणाचीच गोष्ट सलग पुरी होत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती कुठे थांबली होती हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. बाबा रोज जिना चढताना काय ठरवायचे तेही मला असंच कळलं, तुकड्या-तुकड्यांनी. ते तुम्हाला सांगायलाच मी हे सगळं लिहायला बसलो. तर बाबा वर यायचे, दारात चपला काढायचे, आणि तेव्हा त्यांच्या मनात

थांबा हं, आज माझा दिवस आहे.